लष्करी तंत्रज्ञान राखायचं असेल तर आधी याद्या छोट्या करा

परीघ

संवेदनशील लष्करी तंत्रज्ञान परवानगीशिवाय बाहेर जाऊ नये म्हणून सरकारं जे करतात त्याची रीत सगळीकडे जवळपास सारखीच आहे. नियंत्रित वस्तूंची यादी निघते, त्यातलं काही देशाबाहेर पाठवायचं तर परवाना लागतो आणि घेणाऱ्याकडून 'हा माल आम्हीच वापरू, पुढे कुणाला देणार नाही' असं लिहून घेतलं जातं. ही पद्धत शीतयुद्धात बसली. सोव्हिएत गटाकडे तंत्रज्ञान जाऊ नये म्हणून पाश्चात्त्य देशांनी १९४९ मध्ये कोकॉम ही समिती उभारली. ती १९९४ ला बंद झाली आणि १९९६ पासून शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या मालासाठी अनेक देशांची वासेनार व्यवस्था आली. क्षेपणास्त्रांसाठी १९८७ पासून एमटीसीआर हा देशांचा गट आहे, अणुसामग्रीसाठी पोखरणच्या १९७४ च्या चाचणीनंतर उभा राहिलेला एनएसजी हा पुरवठादार देशांचा गट आहे. भारत २०१६ मध्ये एमटीसीआरचा आणि २०१७ मध्ये वासेनारचा सभासद झाला, आणि आपली स्कोमेट यादी (निर्यातीला परवाना लागणाऱ्या मालाची भारताची यादी) आज याच याद्यांना धरून चालते.

माझं मत: या याद्या निम्म्याहून खाली आणाव्यात, आणि त्यातून मोकळी होणारी माणसं नि पैसा उरलेल्या मोजक्या गोष्टी खरोखर राखण्याकडे वळवावा. आज उलटं चाललंय. काहीतरी फुटतं, मग यादीत चार नोंदी वाढतात. बैल गेला आणि झोपा केला, तोही दर वेळी वेगळ्याच गोठ्यात.

गळती कशी होते ते बघा. अब्दुल कादिर खान यांनी नेदरलँड्समधून काय नेलं? युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांचे आराखडे आणि पुरवठादारांची माहिती. युरेन्को या युरोपीय युरेनियम कंपनीच्या कामाशी जोडलेल्या एका कंपनीत ते नोकरीला होते, जर्मन कागदपत्रांच्या भाषांतराचं काम त्यांच्याकडे होतं, आणि डिसेंबर १९७५ मध्ये ते पाकिस्तानला निघून गेले. बंदरावर अडवता येईल असं एकही खोकं त्यात नव्हतं. काही दशकांनी तोच प्रकार जागेवरून न हलता झाला. सी-१७ या मालवाहू लष्करी विमानाच्या लाखो फायली कंपनीच्या संगणकांतून चोरल्या गेल्या आणि त्या कटातल्या एका चिनी व्यावसायिकाने २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला. या दोन्ही ठिकाणी परवाना खात्यापर्यंत कुठला अर्ज गेलाच नव्हता, तर ते अडवणार काय?

आता लांब यादीची किंमत. फेब्रुवारी १९९६ मध्ये अमेरिकी बनावटीचा इंटेलसॅट ७०८ हा उपग्रह घेऊन निघालेलं चीनचं लाँग मार्च ३बी रॉकेट उड्डाणानंतर लगेच कोसळलं. अपघाताच्या चौकशीत अमेरिकी कंपन्यांच्या तज्ज्ञांनी चिनी अभियंत्यांना जे सांगितलं त्यावरून मोठा गदारोळ झाला, तो रास्तही होता. पण त्यावर उपाय काय निघाला? १९९९ पासून सगळे व्यापारी दळणवळण उपग्रह युद्धसामग्रीच्या यादीत. दूरचित्रवाणीचं प्रक्षेपण करणारा उपग्रह आणि तोफ कागदावर एकाच पंगतीत बसले. युरोपीय कंपन्यांनी मग अमेरिकी सुटा भाग नसलेले उपग्रह बनवून विकायला सुरुवात केली, आणि त्यातले काही चिनी रॉकेटांवरूनच वर गेले. अमेरिकी संसदेने ही चूक दुरुस्त करणारा कायदा केला तोवर २०१३ साल उजाडलं होतं. मधल्या काळात राखलं गेलं ते नेमकं काय, याचं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

रॉबर्ट गेट्स हे सीआयएचे माजी प्रमुख. संरक्षणमंत्री असताना एप्रिल २०१० मध्ये त्यांनीच मागणी केली होती की यादी एक असावी, परवाना देणारी संस्था एक असावी, अंमलबजावणीचा समन्वय एका जागी असावा आणि संगणक प्रणालीही एकच. गुप्तचर खात्यात आयुष्य घालवलेला माणूस हे म्हणतो तेव्हा त्याला व्यापारी सवलतीची मागणी म्हणून झटकून टाकता येत नाही. पुढे कित्येक सुटे भाग कडक यादीतून सैल यादीत गेले, हे चांगलं झालं. पण याद्या दोनच राहिल्या, एक परराष्ट्र खात्याकडे आणि एक वाणिज्य खात्याकडे.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांनी हे परवाने हाताळलेत त्यांनी लिहावं.

यंत्रशाळा

मशीन टूलच्या निर्यातीचे कागद मी बरीच वर्षं केले आहेत, म्हणून लिहितो. धागाकर्त्याशी पूर्ण असहमत.

तुम्ही जी दोन उदाहरणं दिलीत ती परवाना पद्धतीच्या बाहेरची आहेत. चोरी झाली म्हणजे दुकानाचा गल्ला निरुपयोगी ठरत नाही. परवाना पद्धतीच्या आतलं उदाहरण घ्या, तोशिबा मशीनचं. १९८२-८३ मध्ये या कंपनीने लेनिनग्राडच्या जहाजबांधणी कारखान्याला नऊ अक्षांवर (म्हणजे नऊ दिशांनी हालचाल करत) धातू कातणारी चार मिलिंग यंत्रं विकली. त्यांचे संगणकीय नियंत्रक नॉर्वेच्या कोंग्सबर्गचे होते. परवान्याच्या अर्जात यंत्रं दोन अक्षांची असल्याचं दाखवलं. अशा यंत्रावर पाणबुडीच्या पंख्याची पाती इतकी काटेकोर कातता येतात की पंख्याचा आवाज घटतो, आणि पाणबुडीच्या बाबतीत आवाज हेच सगळं असतं. १९८७ मध्ये प्रकरण उघड झालं तेव्हा अमेरिकी संसदेच्या हिरवळीवर खासदारांनी तोशिबाचा रेडिओ हातोड्यांनी फोडला. जपानने नंतर आपला कायदा कडक केला.

हे यंत्र शस्त्र नाही. नागरी जहाजाचा पंखाही त्यावरच होतो. तुमच्या छोट्या यादीत ते बसलं असतं का? मला नाही वाटत. आणि यादीत नसतं तर तो गुन्हाच झाला नसता.

यादी लांब का होते, तर लष्करी सामर्थ्य साध्या दिसणाऱ्या वस्तूंतून उभं राहतं म्हणून. युक्रेनमध्ये पाडलेल्या रशियन ड्रोन आणि क्षेपणास्त्रांत काय सापडतं ते बघा. पाश्चात्त्य कंपन्यांच्या चिप, व्होल्टेज नियंत्रक, जीपीएस मोड्यूल, म्हणजे बाजारात सहज मिळणारा माल. म्हणूनच २०२२ नंतर अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन आणि जपान यांनी मिळून प्राधान्याने अडवायच्या मालाची सामायिक यादी काढली. तिच्यातला बहुतेक माल एरवी कोणीही नियंत्रित केला नसता. 'मोजकं राखा' म्हणताना या भागांचं काय करायचं ते आधी सांगा.

परीघ

यंत्रशाळा, तोशिबाचं उदाहरण तुम्ही आणलंत ते बरं झालं, कारण ते मला माझ्या बाजूचं वाटतं. यंत्र यादीत होतं, परवाना पद्धत होती, तरी चारही यंत्रं गेली. अर्जावर दोन अक्ष लिहिले आणि कुणी यंत्र उघडून पाहिलं नाही. ते कळलं कसं? व्यवहारात मध्यस्थ असलेल्या व्यापारी कंपनीत काम केलेल्या एका माणसाने कोकॉमला पत्र लिहिलं म्हणून. तेही यंत्रं पोचून दोनेक वर्षं झाल्यावर. हजारो अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तो एक अर्ज वेगळा दिसणं शक्यच नव्हतं. शंभर अर्ज असते तर कुणीतरी कारखान्यात जाऊन यंत्र पाहिलं असतं.

शिवाय सोव्हिएत पाणबुड्या शांत होण्याचं कारण फक्त ती यंत्रं नव्हती. आपल्या पाणबुड्यांचा माग अमेरिकेला किती सहज लागतो हे मॉस्कोला जॉन वॉकर या अमेरिकी नौदलातल्या फितुराकडून आधीच कळलं होतं. तो १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८५ मध्ये अटक होईपर्यंत संकेतलिपीच्या किल्ल्या विकत होता. आवाज कमी करण्याचं काम यंत्रं येण्याआधीच सुरू झालं होतं.

ड्रोनमधल्या चिपबद्दल: त्या यादीत आल्या, तरी पडलेल्या ड्रोनमध्ये अजूनही सापडतात. तिसऱ्या देशातली नवी कंपनी मागवते आणि पुढे पाठवते. लाखोंनी बनणारी वस्तू अडवताना आपण खर्च वाढवतो, पुरवठा थांबवत नाही.

यंत्रशाळा

खर्च वाढवणं हेच तर काम आहे. समोरच्याला दुप्पट-तिप्पट किंमत मोजावी लागली, महिनोन्महिने थांबावं लागलं आणि मिळालेला भाग खरा की बनावट याची खात्री उरली नाही, तर युद्धात त्याचा हिशेब लागतो. कुठलंही नियंत्रण शंभर टक्के अडवत नाही. सीमाशुल्कही शंभर टक्के तस्करी थांबवत नाही, म्हणून ते कोणी बंद करा म्हणत नाही.

ध्रुवपद

नाकारण्याने समोरचा स्वतःच्या पायावर उभा राहतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? हवामानाच्या कामासाठी क्रे महासंगणक मागितला तेव्हा अमेरिकेने हवा होता तो न देता कमी ताकदीचा दिला. १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा आपला महासंगणक तयार. अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक रॉकेट इंजिनाचंही तेच. रशियाच्या ग्लावकॉसमॉस या अंतराळ संस्थेशी १९९१ मध्ये करार झाला, १९९२ मध्ये अमेरिकेने ग्लावकॉसमॉस आणि इस्रोवर निर्बंध लावले, १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला आणि फक्त तयार इंजिनं देऊ केली. शेवटी इस्रोने स्वतःचं बनवलंच. अशी नियंत्रणं म्हणजे श्रीमंत देशांची मक्तेदारी टिकवायचं साधन आहे. यादी छोटी की मोठी हा वाद त्यांचा त्यांनी करावा. आपण त्यात पडायचं कारण नाही.

यंत्रशाळा

ध्रुवपद, इस्रोचा अभिमान मलाही आहे. पण तारखा पुऱ्या लिहा. रशियाने माघार घेतली १९९३ मध्ये. स्वदेशी क्रायोजेनिक टप्पा लावून जीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटचं पहिलं यशस्वी उड्डाण झालं ५ जानेवारी २०१४ ला. त्याआधी एप्रिल २०१० चा प्रयत्न फसला होता. मधली वीस वर्षं आपण मोजक्या रशियन इंजिनांवर भागवलं. ज्यांनी नाकारलं त्यांच्या दृष्टीने बघा: वीस वर्षांचा उशीर. नियंत्रण करणाऱ्या कुठल्याही सरकारला याहून जास्त काय हवं असतं?

परीघ

हे मान्य. उशीर झाला आणि नाकारणाऱ्यांना तोच हवा होता. पण ज्या धोक्यासाठी नाकारलं तो धोका त्या इंजिनात नव्हता, हा माझा मुद्दा राहतो. द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन उड्डाणाच्या आधी तासन्‌तास भरावे लागतात आणि भरून ठेवता येत नाहीत. असं इंजिन लावून कोणी लष्करी क्षेपणास्त्र ठेवत नाही. ज्यातून क्षेपणास्त्रं होतात ते घन इंधनाचं तंत्र भारताकडे आधीच होतं, अग्नीची पहिली चाचणी १९८९ ची. म्हणजे वीस वर्षांचा उशीर उपग्रह सोडण्याच्या कामाला झाला, क्षेपणास्त्रांना नाही. यादी आंधळेपणाने लावली की हे होतं.

बिटवाला

सॉफ्टवेअरचा विषय कुणीच काढला नाही. अमेरिकेत १९९६ पर्यंत ताकदीचं एन्क्रिप्शन (म्हणजे माहिती सांकेतिक करून कुलूपबंद करण्याचं तंत्र) युद्धसामग्रीच्या यादीत होतं. पीजीपी हा एन्क्रिप्शनचा प्रोग्रॅम १९९१ मध्ये जगभर पसरला आणि तो लिहिणाऱ्याची तीन वर्षं फौजदारी चौकशी चालली. फ्लॉपीवर तोच कोड नेणं गुन्हा, पण पुस्तकात छापून नेला तर भाषणस्वातंत्र्य, म्हणून तो खरंच पुस्तकात छापला गेला. आज प्रत्येक बँकेचा व्यवहार त्याच प्रकारच्या एन्क्रिप्शनवर चालतो. तेव्हाचं नियंत्रण टिकलं असतं तर इंटरनेटवर पैसे पाठवणं सुरक्षित झालंच नसतं. परीघ यांना +१.

सरोजिनी

मी विद्यापीठात संशोधन करते, त्यामुळे माझा विरोध वेगळ्या बाजूने आहे. तो परीघ यांनाही आहे आणि यंत्रशाळा यांनाही.

परीघ, तुम्ही म्हणता की गळते ती माहिती, म्हणून खोक्यांवरचा पहारा कमी करून माहितीवर नेमा. पण माहिती राहते कुठे? माणसाच्या डोक्यात. म्हणजे तुमचा पहारा शेवटी माणसांवर येणार, आणि माणसांवर पहारा ठेवताना सरकारं कशी वागतात याचा इतिहास फार वाईट आहे.

नंबी नारायणन यांचं प्रकरण इथे सगळ्यांना माहीत असेल, पण नीट आठवून बघा. १९९४ मध्ये केरळ पोलिसांनी त्यांना अटक केली. आरोप काय, तर क्रायोजेनिक इंजिनाची गुपितं विकली. जे इंजिन देशाने अजून बनवलेलंच नव्हतं, त्याची. सीबीआयने १९९६ मध्ये सांगितलं की पुरावा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये पुन्हा तपास करायचा राज्य सरकारचा आदेश रद्द केला. भरपाईचे ५० लाख मंजूर व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. चोवीस वर्षं. एका अभियंत्याची ऐन कामाची वर्षं गेली, आणि ज्या प्रकल्पावर ते होते त्याचंही नुकसान झालं. 'राष्ट्रीय सुरक्षा' म्हटलं की पुराव्याची मागणी करणाऱ्यालाच संशयित समजलं जातं. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं, आणि त्यात नुकसान खुद्द अमेरिकेचं झालं. च्यॅन शुएसन हे कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या संस्थापकांपैकी एक. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून १९५० मध्ये त्यांची गुप्त कामाची परवानगी काढली, पाच वर्षं अडकवून ठेवलं आणि १९५५ मध्ये चीनला जाऊ दिलं. चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम त्यांनी उभा केला. तंत्रज्ञान परक्या हाती जाऊ नये म्हणून चाललेल्या खटाटोपात एका सरकारने आपला सर्वांत जाणता माणूस समोरच्याला देऊन टाकला. यंत्रशाळा, याची नोंद कुठल्या यादीत होणार?

अलीकडचं घ्यायचं तर २०१८ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने चीनकडे होणाऱ्या गळतीविरुद्ध मोहीम काढली. तिच्यातले प्राध्यापकांवरचे कित्येक खटले हेरगिरीचे नव्हतेच, परदेशी निधीची माहिती फॉर्मवर न भरल्याचे होते. बरेच टिकले नाहीत. २०२२ मध्ये मोहीम गुंडाळली.

यंत्रशाळा

सरोजिनीताई, नंबी नारायणन यांच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल दुमत नाही. पण तो खोट्या तपासाचा अन्याय होता, निर्यात कायद्याचा नव्हता. आणि दुसरी बाजूही आहे. टेनेसी विद्यापीठातले एक प्राध्यापक अमेरिकी हवाई दलाच्या पैशातून चालकरहित विमानांसाठी प्लाझ्मा तंत्रावर काम करत होते. त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांना त्या कामात घेतलं, स्वतः त्याची कागदपत्रं चीनला घेऊन गेले. विद्यापीठाच्या निर्यात अधिकाऱ्याने आधी सांगूनही. २००८ मध्ये दोषी ठरले, चार वर्षांची शिक्षा झाली. निधी लष्कराचा, करारात अट लिहिलेली. इथे सरकारने काय करायला हवं होतं?

सरोजिनी

या प्रकरणात सरकारने केलं ते बरोबर. करार होता, अट होती, सूचना दिली होती, आणि न्यायालयात पुरावा टिकला. माझी मागणी तेवढीच आहे: अट आधी लेखी सांगा. अमेरिकेत १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निर्देशाने ठरलं की मूलभूत संशोधन खुलं राहील, आणि जे राखायचं असेल त्याला रीतसर गोपनीय ठरवलं जाईल. मधली धूसर जागा ठेवू नका, असं ते धोरण सांगतं. आमच्यासारख्यांना छळते ती ही मधलीच जागा. एखादं सेन्सर, एखादा पदार्थ, एखादी गणना यादीत येते की नाही हे विचारायला गेलं की सहा महिने उत्तर येत नाही. तोवर विद्यार्थ्याची फेलोशिप संपते.

लेखणी

परीघ, तुमच्या छोट्या यादीत नक्की काय असेल? चार नावं तरी सांगा, नाहीतर वाद हवेतच राहील.

परीघ

रास्त प्रश्न. जेट इंजिनाचा तप्त भाग माझ्या यादीत पहिला. आतल्या वायूचं तापमान पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही जास्त असतं. पातं टिकतं ते एकाच स्फटिकात ओतलेल्या निकेल मिश्रधातूमुळे, आतून फिरवलेल्या थंड हवेमुळे आणि वरच्या सिरॅमिक लेपामुळे. हे फार थोड्या देशांना जमतं. चीनकडे सुखोई-२७ आणि त्याचं एएल-३१ इंजिन १९९० च्या दशकापासून हातात होतं, उघडून पाहायला हवं तेवढं. तरी त्यांच्या जे-२० या अत्याधुनिक लढाऊ विमानाची सुरुवातीची उड्डाणं रशियन इंजिनांवर झाली. पातं समोर असूनही ते कसं ओतायचं हे पात्याकडे बघून कळत नाही. राखायची ती भट्टीवरची कृती, आणि ती ज्या पंधरा-वीस माणसांना येते त्यांचं समाधान. होय, सरोजिनीताई, समाधान म्हणतोय, पाळत नाही. चांगला पगार, मान, आणि बाहेर जावंसं वाटू नये अशी प्रयोगशाळा.

त्यानंतर पाणबुडीचा आवाज, स्टेल्थचा (रडारला सहज न दिसण्याचा) आकार आणि लेप, क्षेपणास्त्राचा लक्ष्य हुडकणारा शोधक, संकेतलिपीच्या किल्ल्या, अतिसूक्ष्म चिप छापणारी यंत्रं. शेवटचं मुद्दाम घेतो, कारण ईयूव्ही (अतिसूक्ष्म चिप छापायला लागणाऱ्या तीव्र अतिनील) प्रकाशाची यंत्रं जगात एकच डच कंपनी बनवते. जिथे दार एकच आहे तिथे पहारा कामाचा.

यंत्रशाळा

पातं बघून कळत नाही म्हणता? १९४६ मध्ये ब्रिटिश सरकारने रोल्स-रॉइसची नीन इंजिनं सोव्हिएत संघाला विकली. त्यांची नक्कल मिग-१५ मध्ये बसली आणि १९५० मध्ये कोरियाच्या आकाशात तीच विमानं अमेरिकी वैमानिकांसमोर उभी राहिली. व्लादिवोस्तोकजवळ उतरलेली बी-२९ विमानं १९४४ मध्ये रशियनांनी ठेवून घेतली, सुटी केली, आणि १९४७ मध्ये त्यांची नक्कल असलेलं तू-४ उडवलं. १९५८ मध्ये तैवानच्या विमानाने सोडलेलं साइडवाइंडर क्षेपणास्त्र न फुटता चिनी मिगमध्ये अडकून राहिलं, त्यावरून सोव्हिएतांनी के-१३ क्षेपणास्त्र केलं. तिन्ही ठिकाणी वस्तू हातात आली आणि तेवढ्यावर भागलं. तुमचा सिद्धांत जेट इंजिनाच्या एका भागापुरता खरा आहे. त्यावर सगळं धोरण उभं करू नका.

कंसातला

यंत्रशाळा काका आणि परीघ दोघंही सीमेवर उभे आहेत. सरकारच्या स्वतःच्या गोदामाकडे कुणी बघतच नाही. इराणकडे शाहच्या काळात घेतलेली ७९ एफ-१४ विमानं होती. १९७९ नंतर सुटे भाग मिळायचे बंद झाले. मग इराणसाठी खरेदी करणारे दलाल भाग आणायचे कुठून, तर काही वेळा थेट अमेरिकी संरक्षण खात्याच्या जादा मालाच्या विक्रीतून! २००६ मध्ये अमेरिकी लेखापरीक्षण संस्थेच्या तपासनिसांनी ओळख लपवून याच विक्रीतून संवेदनशील सामान विकत घेऊन दाखवलं. २००७ मध्ये एफ-१४ च्या भागांची विक्री थांबली, आणि निवृत्त विमानं भंगारात विकण्याऐवजी यंत्रात घालून तुकडे करायला सुरुवात झाली. सर्वांत कडक यादी असलेल्या देशात हे झालं. कारण यादी बघणारं खातं वेगळं आणि गोदाम रिकामं करणारं वेगळं. त्याच २००७ मध्ये त्या लेखापरीक्षण संस्थेने हा अख्खा विषय आपल्या 'जास्त जोखमीच्या' कामांच्या यादीत घातला.

विक्रीनंतरचं उदाहरण तुर्कस्तानचं. एफ-३५ या अमेरिकी स्टेल्थ लढाऊ विमानाचे शेकडो सुटे भाग तिथे बनत होते. जुलै २०१९ मध्ये रशियन एस-४०० ही विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणा तिथे पोचली आणि अमेरिकेने तुर्कस्तानला त्या कार्यक्रमातून काढलं. एस-४०० चं रडार शेजारी उडणाऱ्या एफ-३५ कडे रोज बघत राहिलं असतं तर विमानाची रडारवरची खूण शिकलं असतं. एकही भाग कुठे न जाता तंत्रज्ञान गेलं असतं. याला यादीतलं कुठलं कलम लागलं असतं?

परीघ

कंसातला, हा प्रतिसाद धाग्यातला सर्वांत उपयोगी आहे. यातून एक ठोस प्रस्ताव मांडतो. यादीतल्या प्रत्येक नोंदीला पाच वर्षांची मुदत असावी. मुदत संपताना संबंधित खात्याने लेखी दाखवावं की ती गोष्ट अजून कुणाकडे नाही आणि आपण ती खरोखर अडवू शकतो. दाखवता आलं नाही तर नोंद आपोआप गळावी. मोकळे झालेले अधिकारी गोदामात आणि कारखान्यात पाठवावेत.

यंत्रशाळा

वासेनारमध्ये हे घातक ठरेल. तिथले निर्णय सर्वसंमतीने होतात आणि रशिया तिथला सभासद आहे. आज एकट्या रशियाच्या नकाराने नवी नोंद अडते, म्हणून तर क्वांटम संगणकासारख्या गोष्टी २०२४ मध्ये वेगवेगळ्या देशांनी आपापल्या राष्ट्रीय याद्यांत घातल्या. पाच वर्षांनी प्रत्येक जुनी नोंद पुन्हा मंजूर करायची ठरवलंत तर एक सभासद हात वर करून अख्खी यादी पुसून टाकेल.

परीघ

म्हणून ही मुदत आंतरराष्ट्रीय यादीला नको, राष्ट्रीय यादीला हवी. वासेनार देशांवर कायद्याने बांधील नाही, परवाना द्यायचा की नाही हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. आपल्याकडे स्कोमेटचं काम डीजीएफटी या परदेशी व्यापार महासंचालनालयाकडे, अणूचा भाग अणुऊर्जा विभागाकडे आणि शस्त्रसामग्रीचा भाग संरक्षण उत्पादन विभागाकडे आहे. नोंदीचं समर्थन कोणी करायचं हे तिथे आधीच ठरलेलं आहे.

सरोजिनी

मग त्याच नियमात आणखी एक ओळ घाला. संशोधकाने 'हे यादीत येतं का' असं विचारलं तर ९० दिवसांत उत्तर यावं. नाही आलं तर ते काम खुलं समजावं.

यंत्रशाळा

उत्तर न येणं म्हणजे मोकळीक, हे मला चालणार नाही. ज्याला काही बाहेर काढायचं आहे तो नेमका खात्यावर कामाचा ढीग असताना अर्ज टाकेल आणि ९१ वा दिवस मोजेल. ९० दिवसांची मुदत मान्य. ती चुकली तर प्रश्न वरच्या अधिकाऱ्याकडे जावा, त्याच्या नावानिशी, आणि नकार आला तर कारणासह लेखी यावा. अर्ज भरत होतो तेव्हा नकाराचं कारण मला क्वचितच मिळायचं, आणि कारण माहीत नसलं की पुढच्या वेळी तीच गोष्ट जरा वेगळ्या शब्दांत भरून पाठवायचा मोह कंपन्यांना होतो. तोशिबाच्या अर्जावरचे दोन अक्ष अशाच सवयीतून येतात.

सरोजिनी

कारणासह लेखी नकार, अधिकाऱ्याच्या नावानिशी. एवढं मिळालं तर मोकळीक आपोआप मिळावी हा हट्ट मी सोडते. पण ते नाव निर्णयाबरोबर नोंदीत राहिलं पाहिजे, बदली झाली तरी.